पस्तीस सागरी मैल

२० मे २०२१. लखनौच्या जानकीपुरममध्ये त्या दिवशी आमच्या गच्चीवर अवेळी पाऊस पडत होता. इकडचा मे म्हणजे लू. दुपारी दारं-खिडक्या लावून बसायचं आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं. त्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेने दारं तशीही बंदच होती आणि सीतापूर रोडवरून ॲम्ब्युलन्सशिवाय फारसं काही जात नव्हतं. अशा दिवसांत आभाळ भरून आलं आणि अंगाला गार वारा लागला. हा पाऊस मॉन्सूनचा नव्हता. अरबी समुद्रात उठलेलं, गुजरातेतून आणि राजस्थानातून वर सरकत विझत आलेलं ते तौक्ते चक्रीवादळ होतं. आदल्या दिवशी त्याने दिल्लीत चोवीस तासांत ११९ मिलिमीटर पाऊस पाडला होता.

खाली टीव्हीवर मुंबईचा धक्का दिसत होता. नौदलाच्या जहाजांवरून माणसं उतरत होती. काही आपल्या पायांनी, काही झाकलेल्या स्ट्रेचरवर. गच्चीवरचा पाऊस आणि धक्क्यावरचे मृतदेह एकाच वादळाने आणलेले होते. शेजारच्या गृहस्थांनी कठड्यापलीकडून विचारलं, "आप तो बंबई की तरफ़ के हैं. हफ़्ताभर पहले पता था, तो निकले क्यों नहीं?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी त्या आठवड्याचा घटनाक्रम तारीख-वेळ घालून एका वहीत मांडला. तोच इथे देतो आहे.

११ मे, मंगळवार

भारतीय हवामान विभाग सांगतो की १४ तारखेच्या सुमारास अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार होईल आणि त्याचं चक्रीवादळ होण्याची शक्यता आहे. मच्छीमारांना निरोप जातात: समुद्रात जाऊ नका, गेलेले परत या. मासेमारीचा हंगाम ३१ मेपर्यंतच असतो. हे शेवटचे पंधरा-वीस दिवस कोकणातल्या होडीला सोन्याचे. तरीही तांडेल जाळी ओढून बंदराची वाट धरतात. आलेली मासळी सोडून परत फिरण्याचा निर्णय कोळी माणूस हलक्या मनाने घेत नाही, पण घेतो, कारण होडी त्याची असते आणि होडीवरची पोरंही त्याच्याच पाड्यातली असतात.

मुंबईच्या नैऋत्येला सुमारे ७० किलोमीटरवर, म्हणजे ३५ सागरी मैलांहून थोडं पुढे, ओएनजीसीचं हीरा हे तेलक्षेत्र आहे. तिथे अॅफकॉन्स या ठेकेदार कंपनीच्या कामासाठी पी-३०५ नावाचा बार्ज उभा आहे. बार्ज म्हणजे लोखंडाचा सपाट बुडाचा तराफा समजा. हा राहण्याचा बार्ज आहे, समुद्रातलं वसतिगृह. त्यावर २६१ माणसं आहेत: वेल्डर, फिटर, रिगर, रंगारी, स्वयंपाकी, इंजिनिअर. महाराष्ट्रातली आहेत, केरळातली आहेत, बंगालची, बिहारची आणि आमच्या उत्तर प्रदेशातलीही आहेत.

पुढचं सगळं समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या बार्जला स्वतःहून चालणारं इंजिन नाही. तो आठ नांगरांनी आठ दिशांना ताणून बांधलेला असतो. हलायचं तर एकेक नांगर उचलावा लागतो आणि टगने ओढून न्यावं लागतं. अंगावर लाट येताना जहाजाचा कप्तान निदान तोंड फिरवू शकतो. बार्जला तेही करता येत नाही. त्याची वाट वादळ येण्याआधीच ठरवावी लागते.

१४ मे, शुक्रवार, सकाळी ८.३०

अक्षय्य तृतीया आणि ईद यंदा एकाच दिवशी आली आहेत. लक्षद्वीपच्या परिसरात कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं आहे. तीन दिवसांपूर्वी सांगितलेला अंदाज तारखेबरहुकूम खरा ठरला आहे.

१४ मे, संध्याकाळ

ठेकेदार कंपनीने नंतर दिलेल्या निवेदनानुसार, बार्जच्या जागेसाठीचा पहिला अंदाज याच संध्याकाळी हाती येतो: १६ आणि १७ मेच्या मधल्या रात्री वाऱ्याचा वेग जास्तीत जास्त ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. सगळ्या जहाजांना काम आवरून सुरक्षित जागी जायला सांगितलं जातं. बहुतेक जहाजं बंदराकडे किंवा आडोशाला निघतात.

पी-३०५ तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मपासून २०० मीटर दूर सरकतो आणि तिथेच थांबतो. ही जागा सुरक्षित आहे, असं बार्जच्या कप्तानाने ठरवलं, असं कंपनीचं म्हणणं आहे. कप्तान या वादळातून परत आले नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू आता कोणीच सांगू शकत नाही.

इथे मी वहीत एक हिशेब केला. ओढून नेला जाणारा बार्ज ताशी तीन-चार सागरी मैलांनी चालतो. चार धरले तर ३५ मैलांना नऊ तास लागतात. नांगर उचलायला आणि टगला दोर बांधायला आणखी बराच वेळ. सगळं मिळून एका दिवसाचं काम. शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची मध्यरात्र म्हणजे पन्नासहून अधिक तास. बंदर गाठून, नांगर टाकून, माणसांना एक रात्र झोप मिळाली असती, एवढा वेळ हाती होता.

१५ मे, शनिवार

आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास चक्रीवादळाला नाव मिळालं आहे: तौक्ते. हे नाव म्यानमारने सुचवलेलं, अर्थ पाल. संध्याकाळपर्यंत ते तीव्र चक्रीवादळ होतं आणि किनाऱ्याला जवळजवळ समांतर उत्तरेकडे सरकत राहतं.

दर्यावर्दी लोकांचा एक जुना नियम आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे वादळ ज्या दिशेने चाललं असेल त्याच्या उजव्या हाताला वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा वेग यांची बेरीज होते. तो धोक्याचा अर्धा भाग. डाव्या हाताला वजाबाकी होते. इंजिन असलेल्या जहाजाने शक्य तर उजव्या भागात सापडूच नये, आणि सापडलंच तर वारा नाळेच्या उजव्या अंगावर घेत केंद्रापासून दूर निघावं, असं जहाजावरच्या अधिकाऱ्यांना शिकवतात.

तौक्ते उत्तरेला चाललं आहे. त्याच्या उजव्या हाताला आहे कोकण, मुंबई आणि हीरा तेलक्षेत्र. हे शनिवारी नकाशावर दिसत होतं.

१६ मे, रविवार, पहाटे २.३०

तौक्ते आता अतितीव्र चक्रीवादळ आहे. दिवसभरात ते गोव्याच्या समोरून वर सरकतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत माडांची झावळं उडतात, आंब्याची झाडं आडवी होतात, घरांवरची कौलं निघतात, वीज जाते. किनाऱ्यावरच्या माणसाला वादळ किती मोठं आहे हे आता कानाने कळतं आहे.

रविवारी आणखी एक गोष्ट घडते, ती कुठल्याही बातमीपत्रात नाही. निघण्याची वाट बंद होऊ लागते. समुद्र खवळला की टग आणि बार्ज यांच्यामधला दोर लाटांच्या हिसक्यांनी तुटू शकतो, आणि दोर तुटलेला बार्ज म्हणजे भर समुद्रात सोडून दिलेलं लोखंड. शुक्रवारी निघणं शहाणपणाचं होतं. रविवारी दुपारी निघणं हाच जुगार झाला होता. एकाच वाटेचा अर्थ दोन दिवसांत उलटा झाला.

१६ मे, रात्र

कंपनीच्या निवेदनात म्हटलं आहे की रविवारी रात्री उशिरा हवामान झपाट्याने बिघडलं आणि १७ तारखेच्या पहाटे काही करण्यासारखं उरलं नाही. हे खरं असणार. ती पहाट काही करण्याची वेळच नव्हती.

१७ मे, सोमवार, मध्यरात्रीनंतर

नांगर सुटू लागतात. एक नांगर तुटला की त्याचा भार बाकीच्या सातांवर पडतो. दुसरा तुटला की सहांवर. म्हणून पहिला नांगर वेळ घेतो आणि शेवटचे एकापाठोपाठ एक जातात. पहाटे अडीचच्या सुमारास हवामान विभाग तौक्तेला वरच्या श्रेणीत नेतो: अत्यंत तीव्र चक्रीवादळ. ४० नॉटच्या अंदाजावर बांधलेला बार्ज आता त्याहून कितीतरी मोठ्या वाऱ्यात मोकळा झाला आहे.

१७ मे, सकाळ

वाहत चाललेला बार्ज तेलक्षेत्रातल्या एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळतो. पत्रा फाटतो, पाणी आत शिरतं. मदतीची हाक मुंबईला पोचते. वादळाचं केंद्र या वेळी मुंबईपासून दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहे.

नौदलाला कळवलेला आकडा असतो २७३ माणसांचा. पुढे तो दुरुस्त होऊन २६१ झाला. अशा घडीला बारा माणसं आहेत की नाहीत, हे कोणालाच नक्की ठाऊक नसणं ही लहान चूक नाही. शोधणाऱ्याने समुद्रात पाहणं कधी थांबवायचं, हे त्या आकड्यावर ठरतं.

आयएनएस कोची ही विनाशिका वादळाच्या दिशेने निघते. मागोमाग आयएनएस कोलकाता. बहुतेक जहाजं ज्या दिशेकडे पाठ करून दोन दिवसांपूर्वी बंदरात आली, त्याच दिशेला ही दोन चालली आहेत.

सकाळी ११

मुंबईचा विमानतळ बंद होतो. तो रात्री दहापर्यंत बंदच राहील. दुपारी कुलाब्यात वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर जातो. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस होणार आहे, तोही मे महिन्यात. शहर पडलेली झाडं मोजत आहे. पस्तीस मैलांवरची माणसं लाइफ जॅकेट घालून डेकवर उभी आहेत.

दुपार

आयएनएस कोची पोचते, पण पोचणं आणि वाचवणं यांत लाटांची भिंत आहे. सहा ते आठ मीटर उंचीच्या लाटा, म्हणजे दोन-अडीच मजल्यांची पाण्याची इमारत उठते आणि कोसळते. बार्जला चिकटून उभं राहिलं तर लाट एका जहाजाला दुसऱ्यावर आपटेल. पावसाने पुढचं दिसत नाही, हेलिकॉप्टरला वारा उडू देत नाही.

बार्जवर रबरी जीवरक्षक तराफे आहेत. वाचून आलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं की त्यातले बरेच फाटलेले निघाले आणि उघडता आले ते अगदी मोजके. तराफा वर्षभर कोपऱ्यात बांधून पडलेला असतो आणि त्याची गरज एकाच दिवशी लागते. म्हणूनच तो वरचेवर तपासायचा असतो.

संध्याकाळी सातच्या सुमारास

पी-३०५ बुडतो.

काहींनी आधीच उड्या घेतलेल्या आहेत, काही शेवटपर्यंत रेलिंग धरून आहेत. पाण्यात पडलेली माणसं एकमेकांचे हात धरून गट करतात. एकट्याचं डोकं लाटांत दिसत नाही, दहा जणांचा घोळका दिसू शकतो. अंधार पडतो. जॅकेटवरचे बारीक दिवे लाटेबरोबर वर येतात आणि खाली जातात. कोचीवरचे नौसैनिक जहाजाच्या अंगावरून जाळ्या सोडतात, दिवा दिसेल तिकडे जहाज वळवतात, माणूस जाळीला लागला की वर ओढतात. तेल आणि खारं पाणी पोटात गेलेल्या, बोटं बधिर झालेल्या माणसाला ती जाळी चढणंही जमत नाही. काही जण जहाजापर्यंत येऊन, जाळीला हात लावून, निसटले.

रात्री आठनंतर तौक्ते दीवच्या पूर्वेला सौराष्ट्राचा किनारा ओलांडू लागतं. बातम्यांचे कॅमेरे तिकडे वळतात.

रात्री ११

साठ माणसं बाहेर काढली गेली आहेत. दोनशे अजून समुद्रात आहेत.

१८ मे, मंगळवार, सकाळ

आकडा १४६ वर गेला आहे. यात नौदलाबरोबर ग्रेटशिप अहल्या आणि ओशन एनर्जी या तेलक्षेत्रातल्या पुरवठा नौकांनी वाचवलेलेही आहेत. वारा थोडा उतरल्यावर सी किंग हेलिकॉप्टरं आणि पी-८आय टेहळणी विमान शोधाला लागतात. त्याच वादळात सुटलेला गाल कन्स्ट्रक्टर हा बार्ज पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतला आहे, त्यावरचे १३७ जण सुखरूप काढले जातात. वरप्रदा हा टग मात्र बुडाला आहे. त्यावरच्या तेरापैकी दोघे वाचतात.

नौदलाचे उपप्रमुख व्हाइस ॲडमिरल मुरलीधर सदाशिव पवार या मोहिमेला गेल्या चार दशकांतल्या सर्वांत कठीण बचावकार्यांपैकी एक म्हणतात.

अखेरचा हिशेब असा: पी-३०५ वरचे १८६ वाचले, ७५ गेले. वरप्रदावरचे ११ गेले. एकूण ८६. जे. जे. रुग्णालयात कित्येकांची ओळख डीएनए तपासणीवरून पटवावी लागली. येलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली.

याच पाण्यात, पाऊणशे वर्षांपूर्वी

माझ्या पिढीच्या कोकणी घरांत समुद्रातल्या अपघाताचं एकच नाव होतं: रामदास. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. सकाळी आठला ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी जाणारी माणसं खचाखच भरली होती. ८.३५ च्या सुमारास काशाच्या खडकाजवळ तुफानी लाटांत ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला काही कळलं ते दुपारी तीनच्या सुमारास, एक पोरगा तरंगत गेटवेपाशी आला तेव्हा. त्याआधीच रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात ओतून तिथे माणसं भरली होती. पंचाहत्तर जणांना त्यांनी वाचवलं.

रामदासच्या कप्तानाला पस्तीस मिनिटं मिळाली. हवामानाची बातमी नव्हती आणि हाक मारायला यंत्र नव्हतं. पी-३०५ कडे उपग्रहाची चित्रं होती, रेडिओ होता, सहा दिवसांची पूर्वसूचना होती. मधल्या पाऊणशे वर्षांत आपण वादळ पाहायला शिकलो. ते पाहून हातातलं काम टाकून निघायला शिकलो नाही.

समुद्री सुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारात म्हटलं आहे की जहाजाच्या आणि माणसांच्या सुरक्षेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयात मालकाने किंवा भाड्याने घेणाऱ्याने आडकाठी आणू नये. हा नियम चांगला आहे, पण तो कप्तानाला निघण्याचा फक्त हक्क देतो. पावसाळ्यापूर्वीचे शेवटचे दिवस, अपुरं काम, वर चढणारं भाडं आणि अंदाजातले "फक्त चाळीस नॉट": हे सगळं एका माणसाच्या खांद्यावर ठेवून त्याला "तूच ठरव" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्याबरोबरच्या दोनशे साठ माणसांवर तर तो त्याहून मोठा अन्याय. इंजिन नसलेल्या, माणसं राहणाऱ्या बार्जसाठी निघण्याची वेळ कायद्यानेच बांधून दिली पाहिजे. वादळाचा इशारा आला की इतक्या तासांच्या आत बंदर गाठायचं, आणि तेवढ्या दिवसांचं नुकसान कामाच्या करारात आधीच धरलेलं असायचं. ते न जमल्यास निदान माणसं तरी उतरवून घ्यायची. रिकामा बार्ज बुडाला तर लोखंड बुडतं.

शेजारच्या गृहस्थांना मी हे सगळं काही दिवसांनी सांगितलं. नकाशा दाखवला, नांगर कसे असतात ते काढून दाखवलं. या माणसाने समुद्र कधी पाहिलेला नाही. त्यांनी वहीतल्या नोंदींवरून बोट फिरवत नेलं, १७ तारखेवर थांबले नाहीत, उलटे मागे आले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "यहाँ."

ती ओळ होती: १४ मे, संध्याकाळ.